हवेच्या अवरोधाचा हिशेब

आपल्याकडील पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांत गतीविषयक उदाहरणांच्या शेवटी ‘हवेचा अवरोध नगण्य मानावा’ असे एक वाक्य शिरस्त्याने छापलेले असते, आणि त्या वाक्याने मिळणाऱ्या सवलतीला विद्यार्थी इतका सरावतो की, ती सवलत काढून घेतली असता काय करावे, हे पदवी पदरात पडल्यावरही त्याला बहुधा सांगता येत नाही. एक किलोमीटर उंचीवरील ढगातून सुटलेला पावसाचा थेंब ह्या सवलतीच्या आधारे जमिनीवर उतरविला, तर तो सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरांहून अधिक वेगाने आपल्या मस्तकावर आदळावयास हवा. प्रत्यक्षात मात्र आषाढातल्या टपोऱ्या थेंबाचा वेगही सेकंदाला नऊ मीटरांच्या आसपास थांबतो. १४० आणि ९ ह्यांतील जी तफावत, ती ‘नगण्य’ ह्या सदराखाली घालणे कोणत्याही दप्तरात खपणार नाही. तेव्हा हा अवरोध, ज्याला वर्गात सर्रास ड्रॅग म्हणतात, मोजावा कसा आणि मोजताना कोणते अवधान राखावे, ह्याचा तपशील येथे मांडण्याचे योजिले आहे. सूत्र पाठ करण्यास पाच मिनिटे पुरतात. खरे कौशल्य आहे ते कोणते सूत्र कोठे लावावे हे ठरविण्यात, आणि नेमकी तीच गोष्ट पुस्तकांत त्रोटकपणे सांगितलेली असते.

प्रथम मूळ कल्पना पाहू. एखादी वस्तू हवेतून पुढे सरकते तेव्हा तिच्या वाटेत आलेल्या हवेला तिला बाजूस सारावे लागते. एका सेकंदात अशा हवेचा जो स्तंभ तिच्या वाटेत येतो, त्याचे घनफळ म्हणजे वस्तूच्या समोरील छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग. त्याला घनतेने गुणिले की हवेचे वस्तुमान मिळते. आणि त्या हवेला वस्तूच्या वेगाच्या जवळपासचा वेग प्राप्त होतो असे धरले, तर दर सेकंदाला तिला दिलेला संवेग, अर्थात वस्तूवर पडणारे बल, घनता, क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात येते. न्यूटनने १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या भागात हा वर्गाचा नियम मांडला, आणि पुढे १७१९ साली डेसाग्युलिये ह्याने लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या घुमटातून, २७२ फूट उंचीवरून, डुकराच्या मूत्राशयाचे वाळवून गोल केलेले फुगे आणि त्यांच्या जोडीला शिशाचे गोळे सोडून त्याची प्रत्यक्ष तपासणी केली. शिशाचा गोळा सव्वाचार सेकंदांच्या आसपास खाली आला, फुग्यांना मात्र जवळजवळ वीस सेकंद लागले.

आज जे सूत्र सर्वत्र रूढ आहे ते असे:

अवरोध = ½ × प्रवाही पदार्थाची घनता × वेग² × छेदाचे क्षेत्रफळ × अवरोध-गुणांक

ह्यातील अर्धा हा आकडा केवळ सोयीसाठी घातलेला आहे, कारण अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग ही राशी प्रवाहाच्या गतिज दाबाची म्हणून प्रवाहशास्त्रात अन्यत्रही वरचेवर येते. घनता, वेग आणि क्षेत्रफळ ह्या तीन बाबी मोजता येण्याजोग्या, सरळ स्वभावाच्या आहेत. राहिला गुणांक. जमाखर्चात ज्या रकमा कोणत्याच खात्यात बसत नाहीत त्या ‘किरकोळ’ खात्यावर टाकण्याची कारकुनाला जशी मुभा असते, तशी वस्तूचा आकार, तिच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा, मागे उठणारे भोवरे, हवेचा चिकटपणा ह्या साऱ्या अवघड गोष्टी ह्या एका अंकात कोंबण्याची मुभा शास्त्रज्ञांनी स्वतःला दिली आहे. म्हणून गुणांक स्थिरांक आहे असे मानून चालणे ही ह्या विषयातील सर्वांत मोठी आणि सर्वांत सार्वत्रिक चूक होय.

गुणांक निव्वळ तर्काने काढण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. फ्रेंच गणिती दालांबेर ह्याने १७५२ साली प्रवाहाला मुळी चिकटपणाच नाही असे गृहीत धरून हिशेब केला, तेव्हा स्थिर वेगाने जाणाऱ्या वस्तूवरील अवरोध शून्य निघाला. गणितात कसूर नव्हती, आणि निष्कर्ष तर उघड उघड खोटा होता! ह्या कोड्याचा उलगडा व्हावयास दीड शतक जावे लागले: १९०४ साली लुडविग प्रांटल ह्याने हायडेलबर्ग येथील गणित परिषदेत असे दाखवून दिले की, चिकटपणा कितीही अल्प असला तरी वस्तूच्या अंगाला लागून असलेल्या पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात, त्याचा अंमल पूर्णपणे चालतो, हा थर वस्तूच्या मागील उतरणीवर अंग सोडून अलग होतो, मागे भोवऱ्यांची खळबळ माजते, तेथील दाब घसरतो, आणि समोरील वाढीव दाब व मागील घसरलेला दाब ह्यांतील अंतर वस्तूला मागे रेटते. म्हणून अवरोध कमी करावयाचा तर नाकाला टोक काढण्यापेक्षा शेपूट निमुळती करण्याकडे अधिक लक्ष पुरवावे लागते. आडव्या धरलेल्या गोल तारेचा अवरोध तिच्याहून सुमारे दहापट जाड अशा प्रवाहरेखित आकाराच्या अवरोधाएवढा असतो, हे ऐकून प्रथम विश्वास बसत नाही. पण विमानविद्येच्या बाल्यात पंखांना ताणून धरणाऱ्या गोल तारा इंजिनाची किती शक्ती वाया घालवीत, हे त्यावरून ध्यानात यावे.

व्यवहारात उपयोगी पडतील असे काही स्थूल गुणांक येथे नमूद करतो. प्रवाहाला सरळ सामोऱ्या धरलेल्या सपाट गोल चकतीचा गुणांक १.१ ते १.२, आडव्या लांब दंडगोलाचा सुमारे १.२, घनाकृतीचा सुमारे १.०५, गुळगुळीत गोलाचा मध्यम वेगांना ०.४५ च्या आसपास, आधुनिक मोटारगाडीचा ०.२५ ते ०.३५, आणि नीट घडविलेल्या प्रवाहरेखित आकाराचा ०.०५ किंवा त्याहूनही कमी. मात्र कोष्टकातून गुणांक उचलताना तो कोणत्या क्षेत्रफळावर आधारलेला आहे, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. गोल, मोटार, सायकलस्वार ह्यांच्या बाबतीत समोरून दिसणाऱ्या छायेचे क्षेत्रफळ घेतात. विमानाच्या पंखाच्या बाबतीत पंखाचा वरून दिसणारा विस्तार घेतात. जहाजांच्या हिशेबात पाण्याने भिजलेला पृष्ठभाग घेण्याचा प्रघात आहे. एका पद्धतीचा गुणांक आणि दुसऱ्या पद्धतीचे क्षेत्रफळ ह्यांचा गुणाकार केला, तर उत्तर दसपटीने चुकू शकते.

घनतेविषयी फार लिहावयास नको. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाची हवा घनमीटरला १.२ किलोग्रॅम भरते. त्याच तापमानाला पुण्याच्या उंचीवरची हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते. स्थूल हिशेबात १.२ हा आकडा चालतो.

आता मुख्य मुद्दा. गुणांक कशावर अवलंबून असतो? आकार आणि पृष्ठभाग ठरलेले असतील, तर तो एकाच राशीवर अवलंबून असतो, आणि ती राशी म्हणजे रेनॉल्ड्स अंक: घनता, वेग आणि वस्तूची रुंदी ह्यांचा गुणाकार, भागिले प्रवाहाची श्यानता, म्हणजे चिकटपणाचे माप. ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्याने १८८३ साली मँचेस्टर येथे काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून जे प्रयोग केले, त्यांतून ह्या अंकाचे महत्त्व प्रस्थापित झाले. संवेगाचा जोर अधिक की चिकटपणाचा जोर अधिक, ह्याचा निवाडा हा अंक करतो. तेव्हा वाचकाने असा नियमच करावा की, अवरोधाच्या कोणत्याही उदाहरणात प्रथम रेनॉल्ड्स अंक काढावयाचा आणि मगच सूत्राला हात घालावयाचा.

हा अंक एकाहून बराच कमी असला, तर वर्गाचा नियम बाजूस ठेवावा लागतो. तेथे जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स ह्याने १८५१ सालच्या आपल्या निबंधात दिलेले सूत्र लागू पडते: गोलावरील अवरोध = ६ × पाय × श्यानता × त्रिज्या × वेग. ह्यात वेगाचा वर्ग नाही, आणि विशेष म्हणजे घनता मुळीच नाही. ढगांतील जलकण आकाशात तरंगल्यासारखे का दिसतात, ह्याचा उलगडा स्वतः स्टोक्सनेच ह्या सूत्राने केला होता. महाबळेश्वरच्या धुक्यातील एखादा कण घ्या, त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग. कणाचे वजन आणि स्टोक्सचा अवरोध ह्यांची बरोबरी केली, आणि हवेची श्यानता ०.००००१८ पास्कल-सेकंद धरली, तर अंत्य वेग, म्हणजे ज्यावर पडता कण स्थिरावतो तो वेग, सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर येतो. ह्या वेगाचा रेनॉल्ड्स अंक ०.०१६, म्हणजे स्टोक्सचे सूत्र वापरण्याचा अधिकार आपल्याला होता हे सिद्ध झाले. असा कण एक किलोमीटर खाली यावयास जवळजवळ तेवीस तास घेईल, आणि तेवढ्या अवधीत हवेची जराशी वर जाणारी झुळूकही त्याला पुन्हा वर नेण्यास समर्थ आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एरंडेलाची किंवा ग्लिसरीनची श्यानता काढण्यासाठी उंच नळकांड्यात पोलादी छर्रे सोडतात, तो प्रयोगही ह्याच सूत्रावर उभा आहे, आणि तेथे उत्तर बिघडते ते गणितापेक्षा हाताच्या निष्काळजीपणामुळे. छर्रा त्याच तेलात बुडवून मग सोडावा, नाहीतर त्याच्या अंगाला चिकटलेला हवेचा बुडबुडा त्याला वर उचलून धरतो. वेळ मोजण्याची वरची खूण तेलाच्या पृष्ठभागाच्या बरीच खाली घ्यावी, म्हणजे तेथे पोहोचेपर्यंत वेग स्थिरावलेला असतो. छर्रा नळकांड्याच्या मध्यातून पडावा, कारण भिंती जवळ असल्या की अवरोध वाढतो. आणि तापमान प्रत्येक वाचनागणिक टिपावे, कारण एरंडेल एक-दोन अंशांनी तापले तरी त्याची श्यानता डोळ्यांत भरण्याइतकी उतरते. हवेत पडणाऱ्या जलकणाच्या बाबतीत प्लावक बल वजनाच्या आठशेव्या भागाएवढे असल्यामुळे सोडून देता येते. तेलात पडणाऱ्या छर्ऱ्याच्या बाबतीत ते वजा केलेच पाहिजे.

पण हेच सूत्र धुक्याच्या कणावरून उचलून पावसाच्या थेंबाला लावले की अनर्थ होतो. स्टोक्सच्या हिशेबात अंत्य वेग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो; म्हणून एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक येतो. त्या वेगाचा रेनॉल्ड्स अंक काढून पाहिला तर तो २,००० निघतो, आणि एकाहून कमी अंकासाठी केलेले सूत्र दोन हजारांच्या अंकाला लावल्याची चोरी तत्काळ उघडकीस येते. अशा ठिकाणी वर्गाचा नियमच घ्यावयास हवा. पण त्याला गुणांक हवा, गुणांकाला रेनॉल्ड्स अंक हवा, आणि अंकाला तर जो काढावयाचा तो वेगच हवा! हे चक्र भेदण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे अंदाज करावा, हिशेब करावा, आणि अंदाज दुरुस्त करावा.

तो मार्ग चालून पाहू. थेंबाचा व्यास १ मिलिमीटर. गुणांक तूर्त ०.५ धरला. वजन आणि अवरोध समान ठेवले असता, अंत्य वेगाचा वर्ग = (४/३) × गुरुत्वत्वरण × व्यास × (पाण्याची घनता ÷ हवेची घनता) ÷ गुणांक. आकडे घालून वर्ग २१.८ येतो, वेग सेकंदाला ४.७ मीटर. ह्या वेगाचा रेनॉल्ड्स अंक सुमारे ३१०. गोलाच्या गुणांकासाठी मध्यम अंकांना चालणारे एक सूत्र आहे: २४ भागिले रेनॉल्ड्स अंक, आणि त्याला (१ + ०.१५ × अंकाचा ०.६८७ वा घात) ह्याने गुणावे. ३१० साठी ते ०.६७ च्या जवळपास गुणांक देते, म्हणजे आपला ०.५ हा अंदाज कमी पडला होता. नवा गुणांक घेऊन वेग ४.० येतो, त्यावरून अंक सुमारे २७०, गुणांक ०.७१, वेग ३.९, आणि येथून पुढे आकडा फारसा हलत नाही. १९४९ साली गन आणि किंझर ह्यांनी स्थिर हवेत थेंब पाडून जी मोजणी केली, तीत ह्याच व्यासाच्या थेंबाचा वेग सेकंदाला ४.०३ मीटर भरला. कागद-पेन्सिलीने, तीन फेऱ्यांत, तीन-चार टक्क्यांच्या आत उत्तर यावे ह्यात मला आजही एक प्रकारचे समाधान वाटते.

थेंब मोठा झाला की हिशेब पुन्हा बदलतो. व्यास दोन मिलिमीटरांच्या पुढे गेल्यावर थेंब गोल राहत नाही. खालून हवेच्या दाबाने चपटा होतो, समोरील क्षेत्रफळ वाढते, गुणांकही वाढतो, आणि म्हणून ४ मिलिमीटरच्या थेंबाचा वेग ८.८ तर ५ मिलिमीटरच्या थेंबाचा अवघा ९.१ मीटर भरतो. त्याहून फार मोठा थेंब फुटूनच जातो. चित्रकार पावसाचा थेंब वर निमुळता आणि खाली फुगीर काढतात तो अश्रूचा आकार आहे. पडत्या थेंबाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

गोलाचा गुणांक रेनॉल्ड्स अंक हजारापासून दोन लाखांपर्यंत असताना ०.४ ते ०.५ च्या दरम्यान राहतो, आणि मग एकाएकी घसरतो. ह्या घसरणीचा इतिहास मनोरंजक आहे. पॅरिसचा मनोरा उभारणारा गुस्ताव्ह एफेल उतारवयात वायुप्रवाहाच्या प्रयोगांकडे वळला. प्रथम त्याने स्वतःच्या मनोऱ्यावरून वस्तू खाली सोडून अवरोध मोजला आणि पुढे वातविवर, म्हणजे वारा खेळविण्याचा बोगदा, बांधले. गोलासाठी त्याला जो गुणांक मिळाला तो जर्मनीतील गटिंगेन येथे मिळालेल्या गुणांकाच्या निम्म्याहूनही कमी होता. गटिंगेनकरांचा पहिला तर्क असा की, वृद्ध अभियंत्याच्या हिशेबातून दोनचा गुणक निसटला असावा. एफेलने १९१२ साली वेग बदलून पुन्हा मोजणी केली आणि दाखविले की दोघांचेही आकडे खरे आहेत. विशिष्ट वेगाच्या अलीकडे गुणांक मोठा असतो आणि पलीकडे लहान. त्याचे कारण प्रांटलने १९१४ मध्ये गोलावर बारीक तारेचे कडे चढवून सिद्ध केले: सीमास्तर संक्षोभी, म्हणजे आतून खळबळलेला, झाला की तो अंगाला अधिक वेळ धरून राहतो, मागील खळबळीचा पट्टा अरुंद होतो, आणि अवरोध घटतो. गोल्फच्या चेंडूवरील खळगे ह्याच कारणासाठी असतात.

क्रिकेटचा चेंडू ह्या सीमेच्या आसपासच खेळतो. व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर, समोरील क्षेत्रफळ ०.००४१ चौरस मीटर, वस्तुमान १६० ग्रॅम. वेग सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर घेतला तर रेनॉल्ड्स अंक १,९२,००० येतो. शिवण एका बाजूला कललेली असली की त्या बाजूचा सीमास्तर संक्षोभी आणि दुसऱ्या बाजूचा स्तरीय, म्हणजे शांत, राहू शकतो, आणि चेंडू वळतो; पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होय. सरासरी गुणांक ०.४५ धरला तर अवरोध सुमारे १.७६ न्यूटन येतो, आणि चेंडूचे वजन आहे १.५७ न्यूटन! ज्या बलाला आपण नगण्य म्हणत आलो, ते येथे वजनाहून भारी आहे.

अवरोधाच्या सूत्रात वेग हवेच्या सापेक्ष घ्यावयाचा, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु शक्तीच्या हिशेबात ते चुकतात. सरळ बसलेल्या सायकलस्वाराचे क्षेत्रफळ व गुणांक ह्यांचा गुणाकार ०.६ चौरस मीटर धरू. शांत हवेत सेकंदाला ५ मीटर वेगाने जाताना हवेचा अवरोध ९ न्यूटन, आणि त्यासाठी लागणारी शक्ती ४५ वॅट. वेग दुप्पट केला की अवरोध चौपट, ३६ न्यूटन, आणि शक्ती आठपट, ३६० वॅट, जी सामान्य माणसाला काही मिनिटांपलीकडे पुरविणे कठीण. आता सायकलीचा वेग ५ च ठेवून समोरून ५ मीटर वेगाचा वारा आला असे समजा. अवरोध ३६ न्यूटनच होतो. पण शक्ती ३६० नव्हे, १८० वॅट लागते, कारण बलाला गुणावयाचे ते सायकलीच्या जमिनीवरील वेगाने, हवेतील सापेक्ष वेगाने नव्हे. चाकांचे घर्षण ह्याखेरीज वेगळे मांडावे.

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे स्थिर वेगाची होती. वेग बदलत असेल, तर अवरोध क्षणोक्षणी बदलतो आणि एकाच गुणाकाराने काम भागत नाही. चेंडूचेच उदाहरण पुन्हा घेतो. ४० मीटर वेगाला त्याचा मंदनदर सेकंदाला ११ मीटर प्रतिसेकंद आहे. तोच दर अखेरपर्यंत कायम धरला तर घट थोडी जास्त दिसेल. त्याऐवजी वाटचालीचे एकेक मीटरचे तुकडे करावे, प्रत्येक तुकड्याच्या आरंभीच्या वेगावरून अवरोध काढावा आणि वेग उतरवीत जावे. वर्गाच्या नियमात सोय अशी की दर मीटरला वेग सारख्याच प्रमाणात, येथे सुमारे ०.७ टक्क्यांनी, घटतो. गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंतचे अंतर १७ ते १८ मीटर धरले, तर ४० चा वेग ३५.४ वर येतो, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरांचे १२७ होतात. हा आकडा टप्पा न पडलेल्या चेंडूचा आहे. टप्प्यावर खेळपट्टी जो वेग कापून घेते, त्याला हे सूत्र जबाबदार नाही.